महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल : एकवीस आमदारांपासून एकट्या मंत्र्यापर्यंत

दरवर्षी संविधान दिन जवळ आला की महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल यांचे नाव आपल्याकडे एका वाक्यात घेतले जाते. बाबासाहेबांना बंगालमधून संविधान सभेवर पाठवणारे ते मंडल, एवढे सांगून भाषण पुढे सरकते. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत हेच नाव वेगळ्या कारणासाठी येते. पाकिस्तानच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना त्यांनी लिहिलेले पत्र पुढे करून दलित-मुस्लिम ऐक्य कसे फसते, याचा धडा आपल्याला दिला जातो. एका ठिकाणी त्यांच्या आयुष्यातला जुलै १९४६ तेवढा उरतो, दुसऱ्या ठिकाणी ऑक्टोबर १९५०. मधला आणि मागचा माणूस हरवतो.

मंडल हे मुळात विधिमंडळात घडलेले नेते होते. बंगालच्या विधानसभेत त्यांनी आमदारांचा गट बांधला, अटी घालून पाठिंबा दिला, मंत्रिपद मिळवले आणि त्याच सभागृहाच्या बळावर इतिहासाला वळण देणारे एक काम केले. पुढे ते त्याहून मोठ्या पदांवर गेले, पण तोवर पाठीशी उभा असलेला गट संपला होता. राजकारणात उतरू पाहणाऱ्या आपल्या तरुणांनी त्यांचे आयुष्य सलग वाचले पाहिजे, ते यासाठी.

बारिसालच्या मातीतून

जोगेंद्रनाथ मंडल यांचा जन्म २९ जानेवारी १९०४ रोजी पूर्व बंगालमधील बाकरगंज म्हणजे बारिसाल जिल्ह्यातल्या मैस्तारकांदी या खेड्यात, एका नमशूद्र शेतकरी कुटुंबात झाला. हा सगळा प्रदेश नद्या, खाड्या आणि भातशेतीचा. नमशूद्र समाज दलदलीची जमीन लागवडीखाली आणणारा, होड्या वल्हवणारा, मासे धरणारा आणि दुसऱ्याच्या शेतात राबणारा. जमीनदार बहुतेक सवर्ण हिंदू. कूळ आणि मजूर म्हणून राबणारे दोनच मोठे समाज होते, नमशूद्र आणि मुसलमान.

सवर्ण समाज या लोकांना चांडाल म्हणत असे. त्याविरुद्धचा लढा मंडल यांच्या जन्माआधीच सुरू झाला होता. १८७२-७३ मध्ये फरीदपूर आणि बारिसाल भागातल्या नमशूद्रांनी सवर्णांच्या घरची आणि शेतावरची कामे बंद ठेवून बहिष्कार पुकारला होता. हरिचांद ठाकूर यांनी मतुआ पंथाच्या रूपाने या समाजाला स्वतःचा धर्मविचार दिला आणि त्यांचे पुत्र गुरुचांद ठाकूर यांनी शिक्षणाचा आग्रह धरून ठिकठिकाणी शाळा काढायला लावल्या. १९११ च्या जनगणनेत चांडाल ही नोंद जाऊन नमशूद्र हे नाव आले, ते या चळवळीच्या रेट्यामुळे. महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी आणि पुढे बाबासाहेबांनी जी जमीन नांगरली, तशीच जमीन बंगालमध्ये या पितापुत्रांनी नांगरली होती. मंडल हे त्या जमिनीतले पीक.

घरची परिस्थिती बेताची असूनही ते बारिसालच्या ब्रजमोहन कॉलेजात शिकले. पुढे कलकत्त्यात कायद्याचा अभ्यास करून १९३४ मध्ये पदवी घेतली आणि वकिली सुरू केली. कोर्टात येणारे बरेचसे अशील कर्जात बुडालेले शेतकरी असण्याचा तो काळ होता. शेतकऱ्याच्या कर्जाचा हा प्रश्न पुढे मंत्री म्हणून त्यांच्याच खात्यात आला.

१९३७ : राखीव जागेबाहेरचा विजय

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली आणि १९३७ मध्ये नव्या विधानसभांच्या निवडणुका झाल्या. पुणे करारानुसार बंगालच्या २५० सदस्यांच्या विधानसभेत अनुसूचित जातींसाठी ३० जागा राखीव होत्या. मंडल मात्र राखीव जागेवर उभे राहिले नाहीत. त्यांनी बाकरगंज जिल्ह्याच्या उत्तर-पूर्व भागातील सर्वसाधारण जागेवरून अपक्ष अर्ज भरला.

समोर काँग्रेसचे सरलकुमार दत्त होते. हे दत्त साधेसुधे उमेदवार नव्हते. बारिसालचे सर्वमान्य पुढारी अश्विनीकुमार दत्त यांचे ते पुतणे. मंडल ज्या ब्रजमोहन कॉलेजात शिकले, ते कॉलेज अश्विनीकुमारांनीच स्थापन केलेले. शेतकऱ्याच्या घरातला, पहिल्याच पिढीत शिकलेला एक तरुण वकील त्या घराण्याच्या उमेदवाराला आव्हान देत होता. मुस्लिम मतदारसंघ वेगळे असल्यामुळे या जागेवर मुसलमानांची मते नव्हती. तरीही मंडल निवडून आले. सर्वसाधारण जागेवरून आलेले ते अनुसूचित जातींचे एकमेव आमदार ठरले.

या विजयाने मंडल यांच्या राजकारणाचा पाया घातला. त्यांना कोणत्याही सवर्ण पक्षाने तिकीट दिलेले नव्हते. त्यामुळे सभागृहात कोणत्या बाजूला बसायचे, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य त्यांच्याकडे होते. बहुतेक दलित आमदारांकडे तेव्हा ते नव्हते आणि आजही नसते.

गट बांधण्याची कला

१९३७ नंतर बंगालमध्ये फजलुल हक यांचे मंत्रिमंडळ आले. हक हेही बारिसालचेच आणि कृषक प्रजा पक्षाचे नेते. राखीव जागांवरून आलेले आमदार वेगवेगळ्या बाकांवर विखुरलेले होते. काही काँग्रेसबरोबर, काही सरकारबरोबर, काही अपक्ष. ३० हा आकडा कागदावर मोठा दिसे. पण मतदानाच्या वेळी हे तीसजण तीन बाजूंना हात वर करत आणि त्यांच्या समाजाची म्हणून एक मागणी सभागृहात उभी राहत नसे.

१९३८ मध्ये अनुसूचित जातींच्या आमदारांचा स्वतंत्र गट उभा करण्यात मंडल यांनी पुढाकार घेतला. या सुरुवातीच्या वर्षांत त्यांची जवळीक सुभाषचंद्र आणि शरदचंद्र या बोस बंधूंशी होती. १९४० मध्ये ते कलकत्ता महापालिकेवर निवडून गेले. म्हणजे मुस्लिम लीगशी हातमिळवणी करण्याआधी त्यांनी काँग्रेसमधल्या पुरोगामी गटाबरोबर काम करून पाहिले होते. सुभाषबाबू देशाबाहेर गेले आणि बंगाल काँग्रेसमध्ये शेतकरी-मजुरांच्या प्रश्नांना जागा उरली नाही, तेव्हा मंडल यांनी आपली वाट वेगळी केली.

एप्रिल १९४३ मध्ये ख्वाजा नाझिमुद्दीन यांच्या नेतृत्वाखाली मुस्लिम लीगचे मंत्रिमंडळ बनत होते. बहुमताला आधार हवा होता. अनुसूचित जातींच्या २१ आमदारांनी पाठिंबा दिला, पण तो तीन अटींवर. मंत्रिमंडळात अनुसूचित जातींचे तीन मंत्री असले पाहिजेत, ही पहिली अट. अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी दरवर्षी ५ लाख रुपयांची तरतूद, ही दुसरी. सरकारी नोकऱ्यांमध्ये ठरलेल्या प्रमाणाची विनाअट अंमलबजावणी, ही तिसरी.

या तीन अटी आजच्या कार्यकर्त्यांनी नीट पाहाव्यात. त्यांत एक अट सत्तेतल्या वाट्याची आहे, दुसरी पैशाच्या तरतुदीची आणि तिसरी नोकऱ्यांची. तिन्ही मोजता येतात. दिलेला शब्द पाळला की नाही, हे गावातल्या माणसालाही सांगता येईल अशा. मंडल त्या मंत्रिमंडळात सहकारी पतपुरवठा आणि ग्रामीण कर्ज या खात्याचे मंत्री झाले. बंगालच्या कुळाच्या मानेवरचा फास सावकाराच्या वहीत होता आणि त्याच विषयाचे खाते एका कुळाच्या मुलाकडे आले होते.

मुस्लिम लीगबरोबर का जावे, याचे त्यांचे उत्तर साधे होते. बंगालमधले मुसलमान आणि अनुसूचित जाती, दोघेही बहुतांश शेतकरी, मजूर आणि कोळी. दोघेही शिक्षणात मागे. दोघांचे जमीनदार आणि सावकार एकच. म्हणून विधिमंडळात जो कायदा एकाच्या हिताचा, तो दुसऱ्याच्याही हिताचा. हे गणित त्यांनी धर्मावरून मांडले नव्हते, पोटावरून मांडले होते. बारिसालच्या शेतात उभे राहून पाहिले तर ते चुकीचेही दिसत नव्हते.

पण याच वर्षी बंगालमध्ये महाभयंकर दुष्काळ पडला. मृतांचे अंदाज २० ते ३० लाखांच्या घरात जातात. सर्वांत आधी मेले ते भूमिहीन मजूर आणि कोळी, म्हणजे मंडल यांचीच माणसे आणि त्यांचे मुसलमान शेजारी. युद्धासाठी होड्या ताब्यात घेणारे ब्रिटिश सरकार, धान्य साठवणारे व्यापारी आणि अपयशी ठरलेले प्रांतिक मंत्रिमंडळ, या सर्वांवर त्याची जबाबदारी येते. मंडल त्या मंत्रिमंडळात होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. अटी मान्य करून घेतल्या म्हणजे सरकारच्या सगळ्या पापांतून सुटका होते, असे नाही. मार्च १९४५ मध्ये हे मंत्रिमंडळ सभागृहात पराभूत झाले.

शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन आणि १९४६ चा पराभव

जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. पुढच्या वर्षी मंडल यांनी बंगालमध्ये फेडरेशनची शाखा उभी केली. आता ते बाबासाहेबांच्या पक्षाचे बंगालमधले नेते होते. नागपूर, मुंबई आणि मद्रासच्या चळवळीला पूर्व भारतात एक खंबीर हात मिळाला.

मग १९४६ ची निवडणूक आली. राखीव जागेवर चारपेक्षा जास्त उमेदवार असले तर आधी फक्त अनुसूचित जातींचे मतदार प्राथमिक मतदानाने चार उमेदवार निवडत. अंतिम निवड मात्र सर्व हिंदू मतदार मिळून करत. त्यामुळे आपल्या लोकांचा कौल ज्याला आहे तोच निवडून येईल, याची खात्री नव्हती. पुणे कराराची ही किंमत फेडरेशनला देशभर मोजावी लागली. मुंबई प्रांतात तर फेडरेशनचा एकही आमदार निवडून आला नाही. बंगालमध्ये फेडरेशनचा एकच उमेदवार जिंकला, स्वतः जोगेंद्रनाथ मंडल. राखीव जागांवर बहुतेक ठिकाणी काँग्रेसचे उमेदवार आले.

१९४३ मध्ये २१ आमदारांच्या पाठिंब्याची भाषा करणारा नेता १९४६ मध्ये पक्षाचा एकटा आमदार होता. पुढे जे घडले त्याचे मूळ या आकड्यात आहे.

बाबासाहेबांसाठी उघडलेले दार

जुलै १९४६ मध्ये संविधान सभेची निवडणूक झाली. ती जनतेच्या मतदानाने झालेली नव्हती. प्रांतिक विधानसभांचे सदस्य आपापल्या प्रांतातून प्रतिनिधी निवडणार होते. मुंबईत फेडरेशनचा आमदारच नाही म्हटल्यावर बाबासाहेबांना मुंबईतून मार्ग नव्हता. अनुसूचित जातींच्या हक्कांचा फैसला जिथे व्हायचा, त्या सभागृहाचे दार त्यांनाच बंद होते. त्याच महिन्यात पुण्यात विधिमंडळाच्या अधिवेशनासमोर फेडरेशनचा सत्याग्रह सुरू होता. रस्त्यावरची लढाई चालू होती, पण सभागृहात जायला मत हवे होते.

बाबासाहेबांनी बंगालकडे पाहिले. तिथल्या युरोपीय सदस्यांकडून मदतीची आशा होती, पण त्यांनी मतदानापासून दूर राहायचे ठरवले. उरले मंडल. बंगालमधून सर्वसाधारण गटाच्या २७ आणि मुस्लिम गटाच्या ३३ जागा निवडायच्या होत्या आणि प्रत्येक गटाचे आमदार आपल्याच गटाच्या जागांसाठी मत देणार होते. म्हणजे मुस्लिम लीगच्या आमदारांची मते बाबासाहेबांना मिळणे नियमानेच शक्य नव्हते. मते मिळवायची होती ती सर्वसाधारण गटातून आणि त्या गटात काँग्रेसचे वर्चस्व होते.

पसंतीक्रमाच्या पद्धतीमुळे निवडून यायला पहिल्या पसंतीची मोजकीच मते पुरेशी होती. पण ती मोजकी मते जमवणे हेच खरे काम होते. मंडल यांचे स्वतःचे मत एक. बाकीची मते त्यांनी इतर पक्षांच्या आणि अपक्ष अनुसूचित जातींच्या आमदारांमधून मिळवली. त्यांत काँग्रेसच्या तिकिटावर आलेले आमदारही होते. पक्षाचा आदेश एकीकडे आणि समाजाची हाक दुसरीकडे, असा पेच त्यांच्यापुढे होता. १९३८ पासून सभागृहात जोडलेली माणसे, केलेली कामे आणि मिळवलेला विश्वास मंडल यांच्या कामी आला. बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बाबासाहेबांना निवडून दिल्याबद्दल शिक्षा म्हणून ते ज्या मतदारसंघातून आले तो हिंदूबहुल भाग मुद्दाम पाकिस्तानला दिला गेला, असे अनेक भाषणांत सांगितले जाते. पण या निवडणुकीत जिल्हावार मतदारसंघच नव्हता. मतदार होते विधानसभेचे सदस्य. मंडल यांचा बारिसाल जिल्हा तर मुस्लिमबहुल होता. खरे घडले ते असे : बंगालची फाळणी झाल्यावर तिथून आलेल्या सदस्यांच्या जागा नव्याने भरायच्या ठरल्या आणि बाबासाहेबांचे सदस्यत्व संपले. त्यानंतर जुलै १९४७ मध्ये मु. रा. जयकर यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर ते मुंबईतून काँग्रेसच्या पाठिंब्याने निवडून आले. मंडल आणि त्या आमदारांचे उपकार सांगायला दंतकथेची गरज नाही. डिसेंबर १९४६ मध्ये बाबासाहेब संविधान सभेत बोलायला उभे राहिले आणि त्यांची योग्यता सर्वांना दिसली, ते बंगालच्या मतांमुळे. पुढची दारे त्यानंतर उघडली.

आठ मते आणि एक चुकलेला हिशेब

एप्रिल १९४६ मध्ये सुऱ्हावर्दी यांचे मंत्रिमंडळ आले आणि मंडल त्यात मंत्री झाले. १६ ऑगस्टला कलकत्त्यात भीषण दंगल उसळली. हजारो माणसे मारली गेली. सुऱ्हावर्दी सरकारवर अविश्वासाचा ठराव आला. हे सरकार वाचवण्यासाठी मंडल यांनी चार अँग्लो-इंडियन आणि चार अनुसूचित जातींच्या आमदारांचा पाठिंबा मिळवून दिला. पुढे राजीनाम्याच्या पत्रात त्यांनीच हे नमूद केले आणि आपण मदत केली नसती तर सरकार पडले असते, असेही लिहिले.

आठ मतांवर सरकार तारता येत होते, म्हणजे सौदा करण्याची ताकद अजून शिल्लक होती. पण १९४३ सारख्या अटींची यादी या वेळी दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये नोआखालीत दंगल झाली. तिथे नमशूद्रही मारले गेले, बाटवले गेले. मंडल त्या भागात फिरून आले. सवर्ण पुढाऱ्यांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. तरी लीगची साथ त्यांनी सोडली नाही. सवर्णांच्या आणि मुसलमानांच्या भांडणात आपल्या लोकांनी पडू नये, ही त्यांची भूमिका होती. पण दंगलखोर जात विचारून वार करत नव्हता.

त्याच महिन्याच्या अखेरीस लीग केंद्रातल्या हंगामी सरकारात सामील झाली आणि आपल्या पाच प्रतिनिधींत तिने मंडल यांचे नाव दिले. ते देशाचे कायदामंत्री झाले. पद मोठे होते, पण आता त्यांना पाठवणारा त्यांचा समाज नव्हता, लीग होती.

१९४७ मध्ये बंगालच्या फाळणीचा प्रश्न आला. मंडल यांनी फाळणीला विरोध केला. पूर्व बंगालमधला नमशूद्र सीमेच्या पलीकडे अल्पसंख्य होईल आणि पश्चिम बंगालमध्ये गेला तर सवर्णांच्या दयेवर निर्वासित म्हणून जगेल, अशी त्यांना भीती होती. गुरुचांद ठाकूर यांचे नातू प्रमथरंजन ठाकूर काँग्रेसबरोबर होते आणि फाळणीच्या बाजूने होते. समाज दुभंगला होता. २० जून १९४७ रोजी विधानसभेत मतदान झाले आणि बंगालचे दोन तुकडे ठरले. काँग्रेसच्या तिकिटावर आलेल्या अनुसूचित जातींच्या आमदारांचे बळ फाळणीच्या पारड्यात पडले.

कराचीतला एकटा मंत्री

१० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक भरली. तात्पुरते अध्यक्ष म्हणून मंडल यांची निवड झाली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच अध्यक्षतेखाली जिना सभेचे अध्यक्ष निवडले गेले. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदा व कामगार मंत्री झाले. इकडे दिल्लीत बाबासाहेब भारताचे पहिले कायदामंत्री झाले. दोन नव्या देशांचे पहिले कायदामंत्री शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे नेते होते. इतिहासात असा योगायोग दुसरा नाही.

फरक इतकाच की बाबासाहेबांच्या हातात संविधानाचा मसुदा आला आणि मंडल यांच्या हातात नुसते खाते राहिले. केंद्रीय मंत्रिमंडळात ते एकटे बिगरमुस्लिम होते. जिना होते तोवर आश्वासनांना आधार होता. सप्टेंबर १९४८ मध्ये जिना वारले. त्याआधीच १९४७ च्या अखेरीस बाबासाहेबांनी पाकिस्तानात अडकलेल्या अनुसूचित जातींना धर्मांतर न करता भारतात येण्याचे आवाहन केले होते. सफाईचे काम अत्यावश्यक ठरवून पाकिस्तान सरकार या कामगारांना देश सोडू देत नाही, ही तक्रार त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून मांडली. कामगार खात्याचा मंत्री फेडरेशनचा नेता, आणि त्याच देशात झाडू मारणाऱ्या दलिताला बाहेर पडायची मुभा नाही. गटाशिवाय मिळालेल्या मंत्रिपदाची मर्यादा याहून स्पष्ट कुठे दिसणार?

१९४९ च्या अखेरीपासून पूर्व बंगालमध्ये अल्पसंख्याकांवरचे अत्याचार वाढले. फेब्रुवारी १९५० च्या दंगलींनी बारिसालही होरपळले. ज्या गावांनी मंडल यांना पहिल्यांदा निवडून दिले, त्या गावांतून लोक घरदार सोडून सीमेकडे निघाले. मंडल यांनी दौरे केले, लोकांचे हाल ऐकले, सरकारला सांगून पाहिले. एप्रिलमध्ये नेहरू-लियाकत करार झाला, त्यानंतरही त्यांनी काही महिने वाट पाहिली. शेवटी ८ ऑक्टोबर १९५० रोजी कलकत्त्यातून त्यांनी पंतप्रधान लियाकत अली खान यांना राजीनाम्याचे दीर्घ पत्र पाठवले.

या पत्रात गावोगावच्या अत्याचारांची तपशीलवार नोंद आहे. आपण लीगशी का जोडले गेलो, कोणत्या अटींवर जोडले गेलो आणि विश्वासघात कसा झाला, हेही आहे. आपल्या चुकीचा एवढा सविस्तर जमाखर्च फार थोड्या पुढाऱ्यांनी जाहीरपणे मांडला आहे. आज हे पत्र मुसलमानांविरुद्ध वापरणारे त्यातला पहिला भाग गाळतात. सवर्ण जमीनदारीने आणि सवर्ण राजकारणाने नमशूद्रांसाठी जागा ठेवली असती तर मंडल यांना लीगच्या दारात जावे लागले नसते, हा त्या पत्रामागचा इतिहास आहे.

परतीनंतरची अठरा वर्षे

कलकत्त्यात त्यांचे स्वागत झाले नाही. वर्तमानपत्रांनी आणि विरोधकांनी त्यांना जोगेन मुल्ला म्हणून हिणवले. पाकिस्तानच्या दृष्टीने ते गद्दार आणि भारतातल्या अनेकांच्या दृष्टीने लीगचे हस्तक. खुद्द निर्वासितांमध्येही त्यांच्याविषयी राग होता. पण त्याच निर्वासितांमध्ये त्यांनी पुढचे आयुष्य घालवले.

सवर्ण निर्वासितांना कलकत्त्याच्या आसपास वस्त्या मिळत गेल्या. उशिरा आलेल्या नमशूद्र शेतकऱ्यांना मात्र छावण्यांत ठेवून पुढे दंडकारण्यात, म्हणजे ओरिसा आणि बस्तरच्या जंगलात पाठवण्याची योजना १९५८ पासून सुरू झाली. पाण्यात वाढलेल्या माणसांना खडकाळ रानात नेऊन टाकण्याला मंडल यांनी विरोध केला. बंगालमधला एकगठ्ठा दलित मतदार विखुरला तर त्याचे राजकारणही संपेल, हे त्यांना दिसत होते. १९६५ मध्ये लोकूर समितीने नमशूद्र आणि राजबंशी यांच्यासारख्या मोठ्या जातींना अनुसूचित जातींच्या यादीतून वगळण्याची शिफारस केली, तेव्हाही ते विरोधात उभे राहिले. ती शिफारस अमलात आली नाही.

या काळात त्यांनी अनेकदा निवडणुका लढवल्या. फेडरेशनची जागा घेणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचेही काम केले. पण १९५० नंतर ते एकदाही निवडून आले नाहीत. १९३७ मध्ये दत्त घराण्याला हरवणारा मतदार आता छावण्यांमध्ये, रेल्वे फलाटांवर आणि परप्रांतांच्या जंगलांत पांगला होता. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी सीमेजवळच्या बनगाव येथे त्यांचे निधन झाले.

ही गोष्ट आपल्यापासून दूर नाही

दंडकारण्याच्या त्या वाटेवरून आलेली काही हजार माणसे महाराष्ट्रातही पोचली. गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा आणि चामोर्शी भागात आजही बंगाली निर्वासितांची गावे आहेत. त्यांत नमशूद्र मोठ्या संख्येने आहेत. पश्चिम बंगालमध्ये नमशूद्र ही अनुसूचित जात आहे. महाराष्ट्राच्या यादीत तिचे नाव नाही. ज्या समाजाच्या आमदारांनी बाबासाहेबांना संविधान सभेवर पाठवले, त्या समाजाची मुले आपल्याच राज्यात त्या संविधानाने दिलेल्या सवलतींबाहेर आहेत. त्यांच्या मागणीच्या वेळी आपण किती जण त्यांच्यासोबत उभे राहिलो, हा प्रश्न आंबेडकरी चळवळीने स्वतःला विचारायला हवा. मंडल यांचे ऋण भाषणात फेडण्यापेक्षा ते इथे फेडता येईल.

त्यांच्या आयुष्यातून कार्यकर्त्यांनी घेण्यासारखी गोष्ट पदांच्या यादीत नाही, आकड्यांत आहे. एकवीस जण एकत्र होते तेव्हा तीन अटी मान्य झाल्या. मोजक्या मतांची मोट बांधली तेव्हा बाबासाहेब संविधान सभेत पोचले. जेव्हा मागे कोणी उरले नाही, तेव्हा देशाचे कायदामंत्रिपदही त्यांच्या माणसांना वाचवू शकले नाही. युती कोणाशी करायची यावर आपल्याकडे रात्र-रात्र वाद होतात. युती करताना आपल्या मागे किती माणसे आहेत, आपल्या अटी कोणत्या आहेत आणि त्या मोडल्या तर बाहेर पडायची तयारी आहे का, हे प्रश्न मंडल यांचे आयुष्य त्याआधी विचारायला सांगते. आपला एक माणूस मंत्री झाला म्हणून गुलाल उधळताना हे लक्षात असू द्यावे.

त्यांनी चुका केल्या आणि त्यांची किंमत स्वतः मोजली. पण १९४६ च्या त्या जुलै महिन्यात, सगळीकडून दारे बंद असताना, त्यांनी आपल्या एका मताभोवती इतर मते गोळा केली. आपण आज ज्या संविधानाच्या आधाराने बोलतो, लिहितो आणि लढतो, त्याच्या पायात बारिसालच्या चिखलातून आलेल्या या माणसाचे मत आहे.

महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल यांना विनम्र अभिवादन. जय भीम!